आवाजाच्या मागोमाग

"ती तुमची शेजारची मुलगी, दिसायचं नाही तिला फारसं, पण बर्फावरच्या शर्यतीत उतरायची ती, तिचं पुढे काय झालं हो?" असं मला अजून लोक विचारतात. म्यूनिकच्या मंडळात विचारतात, सांगलीला माहेरी गेले की विचारतात. विचारताना चेहऱ्यावर हसू आधीच तयार ठेवलेलं असतं, मी पदक म्हटलं की ते पसरायचं असतं. मी सरळ सांगते, काही झालं नाही. हरली. नुसती हरली नाही, फार वाईट हरली. मग तो माणूस "असं होय" म्हणतो आणि जेवणाची पानं मांडली का ते बघायला लागतो. मला अशा वेळी भयंकर राग येतो. हरलेल्या माणसाबद्दल ऐकायला कुणाला वेळ नसतो. मला सांगायला आहे.

रेवा म्हणजे रेवती पाटणकर. म्यूनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून पाटणकरांचं घर. श्रीकांतराव मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, मूळचे कराडचे. नीला त्यांची बायको. रेवा थोरली, निखिल तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा. आम्ही राहायला आलो त्या दिवशी नीलाने पोरीच्या हातून खिचडी पाठवली. दारात उभी राहून ही शाळकरी मुलगी माझ्याशी बोलत होती आणि बघत होती माझ्या उजव्या कानाकडे. मी कानातलं चाचपलं. केसांत काही अडकलंय का बघितलं. शेवटी न राहवून म्हटलं, "बाई गं, माझ्या कानाला काय झालंय?"

"कानाला काही नाही, मावशी. कानाकडे बघितलं की मला तुमचं नाक दिसतं. नाकाकडे बघितलं की तुम्ही दिसतच नाही."

तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं तेवढं दिसायचं, तेही पुसट. म्हणून समोरच्याला बघायचं तर मान वळवून दुसरीकडेच बघायला लागायचं. लोकांना वाटायचं, काय शिष्ट पोरगी आहे, बोलतेय माझ्याशी आणि लक्ष भलतीकडेच. खरं सांगायचं तर थोडी शिष्ट होतीच ती.

आणि कान! तिचे कान म्हणजे घरात पोलीस ठेवल्यासारखं होतं. मी दार उघडून नुसतं "ये गं" म्हटलं तरी म्हणायची, "काकांशी भांडलात वाटतं सकाळी." मी म्हणायचे, नाही गं, कुठे काय. "मावशी, आधी खरं सांगा, मग गोड बोला." हे तिचं ठरलेलं वाक्य. नीलाने नवीन स्वेटर आणला की रेवा विचारायची, "मला शोभतो का?" आणि उत्तर यायला जरा उशीर झाला की स्वेटर काढून घडी घालायला घ्यायची. "नाही शोभत. कळलं."

हे खऱ्याचं वेड तिला कुठून लागलं ते तिनेच मला एकदा सांगितलं. मी भाजी निवडत होते आणि ती समोर बसून शेंगा सोलत होती. नऊ वर्षांची असताना तिला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. पाटणकरांना जर्मनीत येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. श्रीकांतरावांचं जर्मन कारखान्यापुरतं, नीलाचं दुकानापुरतं. रेवाचं मात्र शाळेमुळे अगदी पक्कं. डॉक्टर सावकाश, स्पष्ट बोलत होते: हा आजार बरा होणार नाही, मधली नजर जाईल, पुढे कदाचित कडेचीही जाईल. ती खुर्चीवर पाय हलवत सगळं ऐकत होती. आई-बाबांना अर्धं कळलं, तेवढ्यानेच आईच्या डोळ्यांना धार लागली. आणि बाहेर आल्यावर बाबा तिच्यापुढे गुडघे टेकून बसले आणि मराठीत म्हणाले, "काही नाही बेटा. नंबर वाढलाय थोडा. होईल सगळं ठीक."

"मग तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं. त्यांना किती कष्ट पडत होते खोटं बोलायला. दोन वर्षं मी नंबर वाढलाय, नंबर वाढलाय असंच म्हणत होते सगळ्यांना." शेंगा सोलणारे तिचे हात थांबले नाहीत. "फक्त निखिलला खरं सांगितलं. तो सात वर्षांचा होता. त्याच्याकडून वचन घेतलं, तू मला कधी असलं गोड सांगायचं नाही."

मी भाजी निवडत राहिले.

बव्हेरियातल्या शाळा हिवाळ्यात मुलांना आठवडाभर डोंगरावर स्कीइंग शिकायला नेतात. रेवाची पाळी आली तेव्हा बाईंनी कळवलं, ती लाकडी झोपडीत बसून मैत्रिणींची वाट बघेल, गरम कोको मिळेल. रेवाने कोकोवरून घरात असं काही आकांडतांडव केलं की श्रीकांतरावांनी हात टेकले. त्याच शाळेतल्या निखिलला खास परवानगी काढून तिच्याबरोबर पाठवलं. तो पुढे घसरत जायचा आणि मोठ्याने ओरडत राहायचा, ही त्याच्या आवाजामागे. आठवड्याच्या शेवटी ज्यांना दिसत होतं ती मुलं पडत होती आणि ही उभ्याने खाली येत होती.

पुढे कळलं की शर्यतीतही अशीच रीत आहे. कमी दिसणाऱ्या खेळाडूच्या पुढे एक वाटाड्या असतो, गाइड म्हणतात त्याला. त्याच्या अंगात भडक नारिंगी जाकीट, दोघांच्या हेल्मेटमध्ये रेडिओ. उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत दोघांनी खाली यायचं. वेग मोटारीचा. गाइड बोलतो ते आणि तेवढंच मागच्याचं जग. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं की पुढच्याने सांगितलेल्या शब्दावर जीव टाकून द्यायचा, असा हा खेळ आहे.

आणि बोलायचे काय दोघं! घरात मराठीत बोल म्हणून नीला घसा फोडायची आणि निखिल जर्मनमध्ये उत्तर द्यायचा, "जा, जा, आल्झो गूट," म्हणजे हो हो, बरं. डोंगरावर मात्र शुद्ध मराठी. तीही आईच्या स्वयंपाकघरातली. नवा भुसभुशीत बर्फ म्हणजे पिठीसाखर. ओला, जड बर्फ म्हणजे पोहे. उन्हाने दाणेदार झालेला तो साबुदाणा. दाबून घट्ट बसवलेला म्हणजे बर्फी. आणि निसरडा, निळसर, जिथे पाय ठरत नाही तो म्हणजे काच. "डावी, डावी, बर्फी, उजवी, लांब, सोड, सोड, काच!" असा निखिलचा जप चालायचा. एका ऑस्ट्रियन प्रशिक्षकाने विचारलं, ही कुठली गुप्त भाषा? निखिल म्हणाला, आमच्या आईच्या पाककृती आहेत. त्याला वाटलं पोरगा थट्टा करतोय.

मी या सगळ्यात कुठे होते? तर थर्मासजवळ. गाडी मी चालवायची, कारण नीलाला बर्फात गाडी चालवायची भीती. खाली, जिथे शर्यत संपते तिथे, आम्ही दोघी उभ्या राहायचो. नीला डोंगराकडे पाठ करून. पाच-सहा हिवाळ्यांत तिने लेकीची एक शर्यत बघितली नाही. मी बघायचे आणि सांगायचे. "निघाले... नारिंगी दिसतोय... मागे आहे गं ती, आहे... वळली..." आणि दोघं खाली आली की मगच नीला वळायची. रेवा हेल्मेट काढून आधी निखिलला एक चापट मारायची. "साबुदाणा म्हणालास, पोहे होते तिथे." "साबुदाणाच होता!" "आधी खरं सांग." मग दोघं खिदळायची. तिचं तेवढं मोकळं हसणं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

ती जिंकायलाही लागली होती. दोन हजार दहानंतरच्या त्या तीन-चार हिवाळ्यांत जर्मनीतल्या शर्यतींत तिचं नाव वर असायचं. मंडळाच्या गणपतीत तिचा सत्कार ठेवला. अध्यक्षांनी भाषण केलं, अंधारावर मात करणारी कन्या, काळोखातून प्रकाशाकडे, असलं बरंच. रेवाने शाल घेतली, माइक घेतला आणि अध्यक्षांच्या कानाकडे बघत म्हणाली, "काका, मला प्रकाश दिसतो. हे सगळे दिवे दिसतात. मधोमध तुम्ही उभे आहात तेवढेच दिसत नाही." सभागृहात हशा झाला, अध्यक्षांचा चेहरा पडला आणि श्रीकांतराव घरी येईपर्यंत "अगं, असं बोलतात का मोठ्यांना" म्हणत होते. पण गाडी चालवताना हसत होते, आम्ही मागच्या गाडीतून बघितलं.

त्यांची भाऊबीज आठवते. रेवा ओवाळायची ती एका हाताने. दुसऱ्या हाताचं बोट निखिलच्या कपाळावर आधी ठेवायची, म्हणजे कुंकू बरोबर जागी लागेल. ओवाळून झालं की निखिल विचारायचा, "व्हास विल्स्ट डू?" काय हवंय? आणि ती दर वर्षी एकच मागायची, "हा हिवाळा." त्याला कॉलेज होतं, मित्र होते, एका वर्षी तर बॉनची एक मैत्रीणही होती. दर शनिवार-रविवार बहिणीच्या पुढे डोंगर उतरणं ही काही छोटी मागणी नव्हती. तो डोकं खाजवायचा, जर्मनमध्ये पुटपुटायचा आणि द्यायचा.

चार वर्षांतून एकदा जगभरच्या अपंग खेळाडूंच्या हिवाळी स्पर्धा होतात. तिथे जायचं हे रेवाचं एकच स्वप्न होतं. आणि घाई होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता कडेची नजरही आखडत चालली आहे. निखिलचं नारिंगी जाकीट तिला अजून कोपऱ्यात ठिपक्यासारखं दिसायचं. पुढच्या चार वर्षांनी दिसेल याची काही खात्री नव्हती. "आवाज आहेच, मावशी," ती म्हणायची, "पण ठिपका असला की जरा बरं वाटतं." त्या जानेवारीत निवडीची शेवटची शर्यत होती, आल्प्सच्या पायथ्याशी. तिथे नीट उतरली की जागा पक्की, असं तिचा प्रशिक्षक सांगत होता.

त्या सकाळी श्रीकांतराव आले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. आमचे हे घरीच होते, म्हणाले, मी बघतो त्यांच्याकडे. आम्ही पोहोचलो. ऊन लख्ख पडलं होतं. पोरं वर जाऊन उतार बघून आली, कुठे बर्फी, कुठे काच ते ठरवून आली. निखिल हातमोजे बदलायला खाली आला होता, रेवा प्रशिक्षकाबरोबर परत वर गेली होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. हे होते.

"कुंदा, नीलाताईंना दे फोन."

"अहो, पण काय झालं?"

"दे म्हटलं ना!"

नीला "हं, हं" करत राहिली. मग तिने फोन माझ्याही कानाशी धरला. श्रीकांतरावांच्या छातीत कळ आली होती. हे त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात होते. मोठा झटका होता, डॉक्टर म्हणत होते की घरच्यांना बोलवून घ्या. आणि मग श्रीकांतरावांनीच फोन मागून घेतला. माझ्या कानावर त्यांचा आवाज आला, अगदी बारीक झाला होता. "रेवाला सांगू नकोस. इतकी वर्षं वाट बघितली आहे पोरीने. तिची शर्यत होऊ दे. मग या निवांत." निवांत म्हणाले तो माणूस. मला तो शब्द अजून विसरता येत नाही.

मी म्हटलं, "नीला, चुलीत गेली ती शर्यत. तिला खाली बोलाव. आत्ता निघू."

"त्यांनीच सांगितलंय, कुंदा. त्यांचा शब्द आहे."

आपल्याकडे हे असंच चालतं. पोराची परीक्षा असली की आजी गेलेली सांगत नाहीत. बाळंतिणीला सांगत नाहीत, आजाऱ्याला सांगत नाहीत. माझ्या दहावीच्या वेळी माझा मामा गेला होता आणि मला पेपर संपेपर्यंत तो मुंबईला आहे असंच सांगत होते. त्यात कुणाला काही चूक वाटत नाही. माया म्हणूनच करतात सगळे.

पण नीलाने पुढे जे केलं त्यावर मी तिच्याशी भांडले. तिने निखिलला बाजूला घेऊन सांगितलं. पोरगा पांढराफटक पडला. मी म्हटलं, "अगं, सांगायचं तर दोघांना सांग, नाहीतर दोघांनाही नको."

"तो मुलगा आहे. उद्या काही झालं तर त्यालाच करायचंय सगळं. त्याला माहीत हवं. तिला नाही सहन व्हायचं."

"तिला? अगं, ती काचेवरून मोटारीच्या वेगाने खाली येते!"

"कुंदा, तू मध्ये पडू नकोस." नीला कधी अशी बोलत नसे. निखिल तारेवरच्या पाळण्यात बसून वर गेला.

वर काय झालं ते निखिलने मला नंतर सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात बसून, अर्धं जर्मनमध्ये. त्याने रेडिओ तपासायला नेहमीसारखं "ऐकू येतंय?" म्हटलं. रेवा म्हणाली, "काय झालंय?" तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, "आवाज का असा?" तो म्हणाला, थंडी आहे. ती पुन्हा म्हणाली, "निखिल, आधी खरं सांग." आणि तो म्हणाला, "काही नाही गं. सगळं ठीक आहे." तेवढ्यात त्यांची पाळी आली.

खाली मी बघत होते. नीला पाठ करून. "निघाले," मी म्हटलं. "नारिंगी दिसतोय. मागे आहे ती. वळली. वळली." सुरुवात झकास झाली. शेजारचा एक म्हातारा शिट्टी वाजवून म्हणाला सुद्धा, झकास. आणि मग मधल्या खड्या उतारावर, जिथे बर्फ निळा दिसत होता, तिथे नारिंगी जाकीट एकटंच पुढे आलं. मागे कुणी नव्हतं.

"कुठे आलेत?" नीलाने विचारलं. "कुंदा, पडली का?"

"नाही. उभी आहे."

ती पडली नव्हती. थांबली होती. उताराच्या मध्यावर, दोन काठ्यांच्या मध्ये, सरळ उभी. निखिल थोडं खाली जाऊन थांबला, वळला, आडवी पावलं टाकत वर चढायला लागला. थांबलं की शर्यत संपली, एवढा नियम मलाही माहीत होता. शिट्टी वाजवणारा म्हातारा म्हणाला, अरेरे, घाबरली बिचारी. मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. ती घाबरली नव्हती. आयुष्यात घाबरली नव्हती ती.

नंतर तिने सांगितलं. निखिल "काच" म्हणाला होता आणि तिथे काचच होती. शब्द बरोबर होता. पण त्या आवाजाने एकदा काही नाही म्हटलं होतं आणि ते खोटं होतं हे तिला वरच कळलं होतं. "काच म्हणाला तेव्हा मला वाटलं, आणि? अजून काय आहे? काय सांगत नाहीये हा? आणि पायच थांबले, मावशी. मी नाही थांबवले."

हळूहळू दोघं खाली आली. ती आईशी बोलली नाही, निखिलशी बोलली नाही. मान वळवून माझ्याकडे आली. "मावशी, तुम्ही सांगा. बाबा ना?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाबा काय म्हणाले तेही. तिने वाकून आपल्या स्की स्वतः काढल्या आणि गाडी कुठे आहे विचारलं.

शनिवारचा दिवस, ऊन पडलेलं, अख्खं म्यूनिक डोंगराकडे आलेलं आणि परत निघालेलं. ऑटोबानवर लांबलचक श्टाऊ, म्हणजे गाड्यांची कोंडी. गाड्या मुंगीच्या पायांनी सरकत होत्या. माझा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला असायचा. तो वाजला. हे म्हणाले, "कुंदा, स्पीकर बंद कर आधी."

मागच्या सीटवरून रेवा म्हणाली, "काका, नका बंद करायला सांगू. बोला. सगळ्यांना एकदमच ऐकू येऊ दे."

हे म्हणाले, "बेटा, बाबा गेले आत्ताच."

शर्यतीला थांबलो नसतो तर भेट झाली असती. हे घरात मोठ्याने कुणी म्हटलं नाही, पण प्रत्येकाच्या मनात ते होतं आणि अजून आहे. नीला त्या दिवसापासून जी खचली ती खचलीच. आणि रेवाने एकदाच, बाराव्या दिवशी, मला म्हटलं, "त्यांनी जाताना एकच गोष्ट मागितली होती. शर्यत होऊ दे. तीही मी दिली नाही." मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, मीच रडले.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला तिने निखिलला ओवाळलं. कपाळावर बोट ठेवलं, कुंकू लावलं. त्याने विचारलं, काय हवंय. पोरगा आशेने विचारत होता, आम्हाला सगळ्यांना कळत होतं. ती म्हणाली, "काही नको." निखिल ताटासमोरून उठला आणि बागेत जाऊन उभा राहिला.

ती रागावली होती का त्याच्यावर? मीही विचारलं. "नाही हो. त्याची काय चूक? बाबांनी सांगितलं, आईने सांगितलं, तो काय करणार. बर्फाबद्दल तो एकदाही खोटं बोलला नाही, माहीत आहे मला." मग म्हणाली, "पण आवाज तोच आहे ना, मावशी. घरी एक आणि डोंगरावर एक, असे दोन आवाज नसतात माणसाला." मागितला नाही तरी तिने त्याच्यामागे एक हिवाळा खेळून बघितलं. प्रत्येक वळणावर पाय आपोआप आवळायचे. ती सगळ्यात शेवटी यायला लागली. मग तिच्या प्रशिक्षकाने एक बव्हेरियन बाई गाइड म्हणून आणली, हुशार, शिस्तीची, दर वाक्याला गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणणारी. तीही जमली नाही. "तिचं सगळं खरं असतं, पण तिच्या आवाजात काय आहे ते मला कळतच नाही. निखिलचं कळतं म्हणून जाता येत नाही आणि हिचं कळत नाही म्हणून जाता येत नाही." हे सांगताना ती हसली. ते हसू मला बघवेना. नारिंगी ठिपकाही त्याच सुमारास गेला. एक दिवस स्कीचे बूट खोक्यात भरून तिने तळघरात ठेवले. कुणी निरोपाचा समारंभ केला नाही, कुणी भाषण केलं नाही. ती फिजिओथेरपिस्ट झाली, लोकांच्या पाठी आणि खांदे बरे करायला लागली. कामात चोख होती. आमच्याकडे यायची, पण "आधी खरं सांगा" म्हणायचं तिने सोडून दिलं होतं. मी भांडून उठलेली असले तरी विचारायची नाही.

निखिलला मात्र दुसऱ्या एका खेळाडूने मागून घेतलं, लुडविग्सहाफेनकडचा एकवीस-बावीस वर्षांचा जर्मन मुलगा. निखिल वर्षभर नाही म्हणत राहिला. शेवटी रेवानेच त्याला सांगितलं, "जा. चांगला आहेस तू. फुकट कशाला घालवतोस." आणि चार वर्षांनी पुन्हा त्या मोठ्या स्पर्धा आल्या तेव्हा तो त्या मुलाच्या पुढे होता.

नीला देवळात जाऊन बसली. रेवा आमच्याकडे टीव्हीसमोर आली. मी म्हटलं, बघवेल का तुला? मग जीभ चावली. ती म्हणाली, "ऐकवेल." हल्ली टीव्हीवाले गाइडचा रेडिओही ऐकवतात. शर्यत सुरू झाली आणि खोलीत निखिलचा आवाज आला, जर्मनमध्ये. डावी, उजवी, लांब, सोड.

मी पडद्याकडे बघायचं विसरले. सोफ्यावर बसल्या बसल्या रेवाचे गुडघे चालायला लागले होते. तो डावी म्हणाला की डावीकडे, उजवी म्हणाला की उजवीकडे. पाठ पुढे वाकलेली, मुठी आवळलेल्या, मान जराशी तिरकी. इतक्या वर्षांनी तो चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. ती पूर्ण वेगात होती. 

आणि मध्येच तिचे गुडघे थांबले.

मी दचकून पडद्याकडे बघितलं. तिथे काही झालं नव्हतं. निखिल बोलत होता, मला तर अगदी तसाच वाटला. त्याच्या मागे तो मुलगा सुसाट येत होता. आला, शेवटच्या काठ्यांमधून गेला, निवेदक किंचाळायला लागला. पदक होतं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"गुडघा दुखतोय त्याचा. चांगलाच दुखतोय. आणि त्या मुलाला सांगितलेलं नाहीये त्याने." पुढच्या महिन्यात निखिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कळलं, तो सबंध स्पर्धा दुखू नये म्हणून सुया टोचून घेऊन खेळला होता आणि कुणालाही बोलला नव्हता.

पण तेव्हा मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, मग तो मुलगा कसा नाही थांबला?"

टीव्हीवर लोक टाळ्या वाजवत होते. रेवाचे हात अजून गुडघ्यांवर होते. तिने ते सावकाश उचलले आणि मांडीवर ठेवले.

"त्याला ऐकूच आलं नसणार, मावशी," ती म्हणाली. "निखिल त्याचा कोण लागतो?"